भरलेले पाय

अंगठा पहिल्याच वेळी लागला. चांगदेवने तो यंत्राच्या काचेवर टेकवला, खालचा तांबडा उजेड नखाच्या कडेपर्यंत चढला, आणि तो नीट दाबायच्या आतच हिरवा दिवा लागून गेला. पलीकडच्या खोलीत कापड विणायचे लूम चालू होते. मधली भिंत एकच, त्यामुळे टेबलावरच्या चहात सारख्या बारीक लाटा उठत होत्या. सेवा केंद्र चालवणारा प्रितम पडद्याकडे पाहत होता, तो वळून अंगठ्याकडे पाहायला लागला. "काय बाबा," तो म्हणाला, "काम शेतकऱ्याच्या हप्त्याचं आणि अंगठा पहिल्या झटक्यात? सकाळपासून तुम्ही पहिलेच. इथं शेतकरी येतो तो बोट पुसतो, लिंबू चोळतो, केसांना घासतो, तरी मशीन म्हणतं न्हाय. तुमचा म्हणजे एकदम साहेबाचा अंगठा." रांगेतले हसले. बाकावर बसलेला एक लूमवाला म्हणाला, "चाचा का अंगूठा नया है." मग आणखी हसले. चांगदेवही हसला. हसण्यासारखंच होतं. पण हसता हसता त्याने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ सदऱ्याच्या खिशात घातली, दुसऱ्याची वस्तू नकळत हातात आली की घालावी तशी.

आणि मागे नेमकी कलावती उभी होती. ती कधी आत आली ते त्याला कळलं नव्हतं. कोंडूची बायको. कोंडू जाऊन तीन पावसाळे झाले, तरी चांगदेवच्या मनात ती अजून कोंडूची बायकोच होती. रेशनवरचं नाव चालू ठेवायचं तर अंगठा द्यायला लागतो म्हणून आली होती. "दादा, तुमीपन हितंच?" म्हणत ती पुढे झाली आणि तिने काचेवर अंगठा ठेवला. दिवा तांबडाच राहिला. तिने पदराला बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. मग केसांत फिरवून थोडं तेल लावून घेतलं, पुन्हा ठेवलं. प्रितमने तिचं बोट आपल्या हातात धरून दाबलं, उजवं झालं, डावं झालं. "मावशी, रेघाच न्हायत तुमच्या बोटाला. काय दाखवू मी मशीनला?" "रेघा असतील कुठनं," कलावती म्हणाली, "चिखलात ऱ्हायल्या. भाताची आवनी चालू हाय ना बाबा आमची. आता काय, दुसऱ्याचं बोट आनू?" आणि मग तिने चांगदेवकडे पाहून हसत म्हटलं, "दादांचा लावा की माझ्या नावावर. त्यांचा लगेच लागतो." सगळी खोली हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तिचं बोलणंच तसं, ती कोंडूच्या तिरडीला बांबू आणणाऱ्यालाही बांबू वाकडा आहे म्हणून बोलली होती. पण चांगदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "येतो मी," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर पडला.

बाहेर रिक्षा होत्या, पण तो चालत निघाला. कापडाचे ताके रचलेल्या हातगाड्या, खड्ड्यांतलं पाणी, दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. त्या आवाजाची त्याला आता इतकी सवय झाली होती की तो बंद पडला की दचकायला व्हायचं. मूठ खिशातच होती. चालता चालता तो अंगठ्यावर पहिलं बोट फिरवत होता आणि बोटाला त्या रेघा लागत होत्या, बारीक, सारख्या, गोल गोल, नवीन भांड्याच्या बुडावर असतात तशा. कधी आल्या या? आधारकार्डाचं शिबिर गावच्या शाळेत लागलं होतं तेव्हा तर नव्हत्या. तेव्हा तो आणि राहीबाई दोघंही रांगेत होती, शेताकडूनच आलेली, आणि यंत्रवाल्याने दोघांचीही बोटं खालीवर करून पाहिली होती. "बोटं कुठं ठेवून आलात?" तो म्हणाला होता. राहीबाई कधी परक्या माणसाशी बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "भाकरी खातोस ना? भात खातोस ना? मग त्यात बघ, हायेत." वर्गात बसलेले सगळे हसले होते, आणि चांगदेवला बायकोचा असा काही अभिमान वाटला होता की घरी येईपर्यंत तो दोनदा तेच वाक्य तिला म्हणून दाखवत होता. तेही हसणंच होतं आणि आजचंही हसणंच. मग आजचं अंगाला का चिकटलं?

रेघा परत येतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस थांबला की कातडी आपली आपण भरून येते. रस्त्याच्या बाजूच्या जमिनी गोदामांना गेल्या, त्यातली त्याची सगळ्यांत आधी. त्याचा मुलगा दीपेश तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता आणि त्याला आकडे समजत होते. मग भाडं यायला लागलं, मग भिवंडीत सहाव्या मजल्यावरचं घर झालं, मग राहीबाईचे गुडघे गेले, मग राहीबाईच गेली. चांगदेव त्या घरात सकाळी उठून गॅलरीत उभा राहायचा. तिथून लांबवर गोदामांचे निळे पत्रे दिसायचे, आणि त्याला बरोबर सांगता यायचं की कुठल्या पत्र्याखाली भाताचं कुठलं खाचर आहे. सुरुवातीला तो नातवंडांना सांगायचा. नंतर त्याने सोडलं. पत्र्याखाली खाचर आहे हे सांगणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून हा माणूस अजून जेवतो असं सांगण्यासारखं होतं.

एकच तुकडा राहिला होता. गोदामांच्या मागच्या भिंतीपलीकडे, खाडीच्या अंगाला, पाणी साचणारा, वाट नसलेला. त्या तुकड्याला तेव्हा कुणी विचारलं नाही. कोंडू म्हणाला होता, "पडीक नको टाकू चांगदेव, मी करतो." आणि कोंडूने केला. कोंडू त्याच्या बरोबरीचा. बैलांचा जोत असताना पुढे कोंडू आणि मागे तो असं कितीतरी वर्षं दोघांनी मिळून चिखल केला होता. त्यामुळे कोंडूने कधी कागद मागितला नाही आणि चांगदेवने कधी दिला नाही. भात झोडून झालं की नव्या तांदळाची गोणी सहाव्या मजल्यावर यायची. कोंडू गेल्यावरही यायची. कलावती लिफ्टवाल्याशी भांडून ती वर आणायची. सातबाऱ्यावर नाव चांगदेवचं होतं, भाताखालचं क्षेत्रही त्याच्या नावावर, आणि म्हणून शेतकऱ्याला सरकारकडून येणारा सन्मानाचा हप्ताही त्याच्याच खात्यात यायचा. फोन टिंग करायचा. नातवंडं म्हणायची, आजोबांचा पगार आला. आणि त्याला बरं वाटायचं. हेच आता रस्त्याच्या मध्ये, एका हातगाडीला वाट देताना, त्याला आठवलं आणि त्याचा पाय खड्ड्यात गेला. बरं वाटायचं. त्या हप्त्यात दीपेशच्या गाडीचं डिझेलही धड सुटत नव्हतं, त्याची घरात कुणाला गरज नव्हती, पण फोनवर लिहून यायचं 'शेतकरी बांधव', आणि ते तो दोनदा वाचायचा. ज्या वयात लोक वाचायचं सोडून देतात त्या वयात तो राहीबाईबरोबर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकला होता. त्यामुळे छापलेली कुठलीही गोष्ट त्याला खरी वाटायची. तोवर कलावती खाडीच्या वाऱ्यात वाकलेली असायची, आणि तिला कुणी बांधव म्हणत नव्हतं, कारण तिच्या नावावर ढेकूळही नव्हतं.

संध्याकाळी दीपेश लवकर आला. हातात एक पिशवी होती. ती टेबलावर ठेवून तो समोर बसला. सोपं करून सांगायची त्याला सवय होती. गोदामाच्या मॅनेजरांशीही तो असंच बोलायचा. "बाबा, उद्या सकाळी पाहणी आहे. गावात कुणीतरी अर्ज केलाय, गोदामवाले लोक शेतकऱ्याचा हप्ता खातात म्हणून. कृषी खात्याच्या मॅडम येणार, प्रत्येकाला त्याच्या पिकात उभं करून फोटो काढणार. तुम्ही फक्त उभं राहायचं. विचारलं तर म्हणायचं, हो, मीच करतो. बस." "कलावती करते," चांगदेव म्हणाला. "ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कागदाला नको. पैशाचा प्रश्नच नाही बाबा, हप्ता गेला तरी चालेल. पण पिकाला तिचं नाव एकदा कुठे लिहिलं गेलं की कूळ लागेल, मग बसा कोर्टात. पार्टी पळून जाईल." "कसली पार्टी?" मग दीपेशने तेही सांगितलं. मागच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं होतं. पुढच्या गोदामातून वाट मिळणार होती. पाहणी उरकली की पाऊस जरा उघडेल तेव्हा भराव टाकायला घ्यायचा. "भात उभं असेल," चांगदेव म्हणाला. "चार गोणी भात, बाबा. तिला देऊ ना आपण त्याचं." हे त्याने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. दीपेशने पिशवीतून एक विळा काढला, नवा, मुठीला अजून दुकानाची चिठ्ठी. "हातात असू द्या. फोटोत बरं दिसेल. आणि चप्पल घालू नका उद्या."

विळा कापणीला लागतो. आवणीत, रोपं लावताना, माणसाच्या हातात रोपाची मूठ असते, दुसरं काही नसतं. हे आपण मुलाला कधी सांगितलंच नाही, चांगदेवच्या मनात आलं. त्याच्या लहानपणी आपणच म्हणत होतो, तू नको उतरू चिखलात, तू अभ्यास कर. म्हणून त्याने आताही काही सांगितलं नाही.

सकाळी गाडी गोदामाच्या फाटकापाशी थांबली. कंटेनर एकामागे एक लागलेले, त्यांच्यामधून वाट काढत दोघं मागच्या भिंतीला आले. भिंतीला एक भोक होतं, कलावतीच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झालेलं. त्यातून वाकून बाहेर पडलं की एकदम सगळं हिरवं. एवढा हिरवा रंग गॅलरीतून दिसत नाही. निम्म्या खाचरात आवणी झाली होती, निम्म्यात चिखल तयार होता, त्यात आभाळ दिसत होतं. खाडीचा खारट, कुजका वास आला आणि चांगदेवच्या पोटऱ्या आपसूक ताठ झाल्या. पाय आत कुठे टाकायचा, कुठे घट्ट आहे, कुठे गुडघ्याएवढं जाईल, हे पायांना अजून ठाऊक होतं. पण तो बांधावरच उभा राहिला. हातात विळा होता. अनवाणी तळव्यांना बांधावरची खडी टोचत होती, आणि पाय पांढरे दिसत होते, आजारी माणसाचे असावेत तसे.

कलावती आणि आणखी तिघीजणी ओळीने वाकल्या होत्या. कलावतीने मान वर केली, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग विळ्याकडे, मग दीपेशकडे. "अगो, बघा गो," ती ओळीला म्हणाली, "दीपेशशेठ आवनीला विळा घेऊन आलं. आत्ताच कापून नेता का शेठ, डंपर यायच्या आदी?" बायका हसल्या. म्हणजे तिला माहीत होतं. भरावाचं गावात सगळ्यांना माहीत असणार. माहीत नव्हतं ते फक्त सहाव्या मजल्यावर. दीपेशही हसला, त्याने वडिलांच्या हातातून विळा घेतला आणि गवतात ठेवला. "मावशी, मॅडम येतायत. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही तुमचं चालू ठेवा." "आमचं चालूच हाय की," कलावती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मॅडम आल्या. रुचिका नाव त्यांचं. रेनकोट, पायात गमबूट, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन. दीपेशपेक्षाही लहान मुलगी, आणि दमलेली. सकाळपासून असे कितीतरी बांध तुडवून आली असावी. तिने फोनवर जागा तपासली, गट नंबर तपासला, चांगदेवकडे पाहून नीट नमस्कार केला. त्या नमस्काराने त्याला आणखी चोरटं वाटलं. "आजोबा, हे भात तुम्हीच लावता ना?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं होतं, बोट पुढच्या खुणेवर गेलंही होतं. पण त्याने उत्तर द्यायच्या आत खाचरातून हाक आली, "पाय भरा, पाय भरा."

ही हाक त्याने कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. आवणी चालू असताना बांधावर कुणी आलं, खतवाला, व्यापारी, सोयरा, रस्ता चुकलेला सुद्धा, की बायका ओंजळभर चिखल घेऊन धावत यायच्या, त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखायच्या, वर रोपांची एक मूठ ठेवायच्या, आणि मग तो माणूस त्या मागतील ती खुशी दिल्याशिवाय हलायचा नाही. राहीबाई यात सगळ्यांच्या पुढे. लग्नाच्या बोलणीला आलेल्या दीपेशच्या सासऱ्याचेही तिने पाय भरले होते आणि त्याच्याकडून सगळ्या बायकांना साखर कबूल करून घेतली होती. चांगदेव अशा वेळी चिखलात उभा राहून हसत असायचा. त्याचे पाय कुणी कधी भरले नाहीत. जो आत उतरलेला असतो त्याचे भरत नाहीत. ते भरलेलेच असतात.

कलावती बांध चढून आली. दोन्ही हातांत काळा चिखल, कोपरापर्यंत ओघळलेला. ती खाली बसली. "अगं, हे काय?" रुचिकाने विचारलं, गमतीने, फोन बाजूला करून. मागून एक म्हातारी बाई ओरडून म्हणाली, "बांधावर पाव्हना आला का पाय भरतंव मॅडम आमी. रीत हाय." "पाहुण्याचे?" रुचिका म्हणाली. "पाव्हन्याचेच. आवनी करनाऱ्याचे कशाला भरू?" म्हातारीला आपण काय बोललो त्याचा पत्ताही नव्हता. रुचिकाने मात्र चांगदेवच्या पायांकडे पाहिलं. मग हातांकडे. तिच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू गेली. "गावची मजा असते, मॅडम," दीपेश म्हणाला. "तुम्ही फोटो घ्या." कलावतीचा थंड हात चांगदेवच्या उजव्या पायावर पडला, आणि तो थंडपणा गुडघ्यातून वर चढत, छातीत येऊन थांबला. त्याला प्रितमचा चहा दिसला, त्यातल्या लाटा. राहीबाईचं बोट दिसलं, यंत्रावर आडवं धरलेलं. आणि त्याला वाटलं की आता हे एकदा तोंडातून निघून जाऊ दे. "लावनी हिची हाय," तो म्हणाला. "मी न्हाय करत. मी बांधावरचाच हाय."

म्हणून झालं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की क्षणभर खाडीवरचा वारा थेट आरपार गेल्यासारखा झाला. "बाबा," दीपेश एवढंच म्हणाला, हळू. रुचिकाने फोन खाली घेतला. "म्हणजे मला तसं नोंदवावं लागेल, आजोबा." "नोंदव," तो म्हणणार होता. तेवढ्यात त्याला कळलं की पायावरचा हात थांबला आहे. थांबला नाही, आवळला आहे. कलावतीची बोटं घोट्याच्या हाडात रुतली होती. त्याने खाली पाहिलं. ती वर पाहत होती, आणि त्या डोळ्यांत त्याने जे असेल असं धरलं होतं त्यातलं काही नव्हतं. तिथे भीती होती, आणि भीतीच्या मागे राग. मग ते त्याला दिसलं, सगळं एकदम. तिचं नाव कुठे लागेपर्यंत वर्षं जातील, आणि डंपर उद्याच येतील. दीपेशला आज घाई नव्हती. या वाक्याने त्याला घाई झाली. ती रोपं आता वीतभर होती. तिला नाव नको होतं, तिला हे भात कापायला हवं होतं. आणि त्याने आपल्या छातीवरचा धोंडा उचलून तिच्या हिरव्या ओळींवर टाकला होता, आणि वर स्वतःला हलकं वाटून घेतलं होतं.

कलावती हसली. ते हसू तिने कुठून काढलं ते तिलाच ठाऊक. "मॅडम, म्हातारा झालाय दादा," ती म्हणाली, पायावर चिखल चोपडत, एकदम मोकळ्या आवाजात. "बायको गेल्यापासनं असंच कायतरी बोलतो. काल बाजारात मलाच वलखलं न्हाय. शेत त्याचं, बी त्याचं, तो उभा ऱ्हातो बांधावर, आमी रोजानं येतंव. अगो, रोजानंच ना गो?" ओळीतून आवाज आला, "हा, रोजानंच." "आमचा मालक हाय तो. मालकाचेपन भरतंव आमी पाय, रीत हाय," कलावती म्हणाली. हे खोटं होतं. सगळ्या बायकांना माहीत होतं, खोटं आहे. कुणी मान वर केली नाही.

रुचिकाने वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. कळलं असेल. पण समोर चार बायका एक सांगत होत्या, आणि पुढे अजून किती बांध बाकी होते. "आजोबा, तुम्ही सांगा," ती म्हणाली. घोट्यावरची बोटं अजून तशीच होती. "हा," तो म्हणाला. "माजंच. मी विसरतो कधी कधी." "बरं. पिकाकडे पाठ करून उभे राहा. फोनकडे बघा. डोळे मिटा." त्याने डोळे मिटले. मिटल्यावर अंधारात खाडीचा वास जास्त येत होता. डोळे तसेच राहिले असते तर बरं, असं त्याला वाटलं. "उघडा," ती म्हणाली. त्याने उघडले. फोनमधून टिंग झालं. "जुळला चेहरा," रुचिका म्हणाली, "पहिल्याच वेळी."

दीपेशने सुस्कारा टाकला तो ऐकू आला. रुचिका फोन पिशवीत घालत होती, तोच कलावती उठली. डाव्या पायावर चिखलाचा शेवटचा हात फिरवून तिने वर रोपांची मूठ ठेवली होती, आणि ती आता बांधावर सरळ उभी होती, दोन्ही हात पुढे करून. "आता खुशी." चांगदेवने खिशात हात घातला, एक नोट काढली. "नोट ठेवा दादा," ती म्हणाली. "मॅडमच्या देखत मागते. लोंब्या कापून खळ्यावर जाईपरत ह्या खाचरात माती पडायची न्हाय." "माती कसली?" रुचिकाने विचारलं. दीपेश एक पाऊल पुढे आला. मग तो घाईने म्हणाला, "बांधाचं काम आहे मॅडम, दुरुस्ती. हो मावशी, कापणीनंतरच. ठरलं." "शेठ बोलले. दादा, तुमीपन बोला. पाय तुमचे भरलेत." "न्हाय पडायची," चांगदेव म्हणाला. कलावतीने मान हलवली, जशी दुकानात वजन पाहून हलवतात, आणि ती खाचरात उतरली. उतरताना तिने गवतातला विळा उचलला आणि कमरेला खोचला. "ह्योपन ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "कापनीला लागंल." बायका हसल्या. या वेळी तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नंतरही पाहिलं नाही. तो भिंतीच्या भोकापाशी पोचला आणि मागे वळला, तेव्हा चार पाठी वाकलेल्या होत्या आणि ओळ मागे मागे सरकत होती.

गाडीत दीपेशने त्याच्या पायांखाली वर्तमानपत्र पसरलं. पुलाच्या अलीकडे दीपेश म्हणाला, "ती होती म्हणून निभावलं." थोड्या वेळाने, "तुम्हाला काय झालं होतं बाबा?" "काय न्हाय," चांगदेव म्हणाला. वर्तमानपत्रावर कसल्यातरी शिबिराचा फोटो होता आणि ओळीने बसलेल्या माणसांच्या तोंडांवर त्याच्या पायांतला चिखल ओघळत होता. कलावतीने काही त्याला वाचवलं नव्हतं. तिने आपलं भात वाचवलं होतं, आणि त्याच्या शरमेचं तिला काही देणंघेणं नव्हतं. हे बरोबरच होतं. पण मग शरमेचं करायचं काय, ती ठेवायची कुठे, हे त्याला कळत नव्हतं. सांगायला गेलं तर ती दुसऱ्याला लागत होती.

दीपेशने त्याला इमारतीच्या दारात सोडलं आणि तो कामाला गेला. चांगदेव आत आला. लॉबीतली पांढरी फरशी नुकतीच पुसलेली होती, अजून ओली. लिफ्टमध्ये आरसा होता. तो आरशाकडे पाठ करून उभा राहिला. सहाव्या मजल्यावर त्याने कुलूप काढलं, आत येऊन दार लोटलं आणि पायपुसण्यावर तसाच थांबला, कारण पुढे घरातली फरशी होती. चिखल वाळायला लागला होता आणि कातडी ओढली जात होती. डाव्या पायाच्या बोटांमध्ये एक रोप अडकून आलं होतं. ते काढावं की नको, असा तो खाली पाहत राहिला.

बाहेर लिफ्ट उघडल्याचा आवाज झाला. मग बादलीचा. इमारतीचे जिने पुसणारी रूपा कुणाशी तरी, बहुतेक स्वतःशीच, बोलत वर आली होती. "आत्ता पुसलं ना मी खालून वरपर्यंत. कोन हा चिखल घेऊन फिरतोय?" आवाज जवळ आला, दारासमोर थांबला. पावलं दारापर्यंत येऊन थांबलेली तिला दिसत असणार, टाच, चवडा, पाचही बोटं. तिने कडी वाजवली. चांगदेवने दार इंचभर उघडलं, पाय मागे घेतले, फक्त तोंड दाखवलं.

"बाबा, तुमच्याकडं कोन शेतकरी आला होता का?"

"न्हाय," चांगदेव म्हणाला. "इथं कोन शेतकरी न्हाय."

त्याने दार लावलं. पलीकडे फडकं पिळल्याचा आवाज आला, आणि मग रूपा दारापासून लिफ्टकडे एकेक पाऊल पुसत गेली.